इंजिन तापल्याचा अलार्म पुन्हा पुन्हा वाजतोय? सुटे भाग बदलण्याआधी बादली घ्या

लक्षण असं. जुनी शिडाची बोट, पोटात डिझेल इंजिन. मूरिंगवर, म्हणजे बोट बांधून ठेवायच्या जागी, तासभर चालवलं तरी काही होत नाही. बंदरातून सावकाश बाहेर पडतानाही सगळं ठीक. पण वारा पडला आणि ओहोटीच्या तोंडावर इंजिन २२००-२४०० आरपीएमला नेलं, की वीस-पंचवीस मिनिटांत अलार्म किंचाळतो. इंजिन बंद करून थोडं थांबलं की पुन्हा मुकाट सुरू होतं. तुम्ही स्ट्रेनर (आत येणारं समुद्राचं पाणी गाळणारं भांडं) उघडून पाहता, तो स्वच्छ असतो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

माझ्या बोटीवर हे ऑक्टोबरपासून मेपर्यंत चाललं. बोट १९८४ची, ३१ फुटी, फायबरची. इंजिन तीन सिलिंडरचं, २७ अश्वशक्तीचं. आत कूलंट फिरतं आणि ते कूलंट हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्यानं थंड होतं. पहिल्यांदा अलार्म वाजला तेव्हा आम्ही मांडव्याहून मुंबईकडे परतत होतो. सकाळचा जमिनीकडून येणारा मतलई वारा पडला होता, समुद्राकडून येणारा खारा वारा सुटायला अजून दोन तास होते, आणि आम्ही नेमके जहाजांच्या चॅनेलमध्ये होतो. न्हावा शेव्याकडे निघालेलं एक कंटेनर जहाज समोरून येत होतं. बोटीवर पत्नी आणि चौदा वर्षांचा पुतण्या. शीड चढवलं, ते नुसतं लोंबत राहिलं. इंजिन अगदी कमी वेगात ठेवून कसेबसे चॅनेलच्या बाहेर आलो आणि मग अर्धा तास ओहोटीनं आम्हाला आल्या वाटेनं मागे नेलं. त्या अर्ध्या तासामुळेच हे इतकं सविस्तर लिहितोय.

अलार्म वाजला त्या क्षणी

थ्रॉटल ताबडतोब खाली आणा आणि मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी येतंय का बघा. येत असेल तर हळू वेगात गिअर टाकून जहाजांच्या वाटेतून बाजूला होता येतं. बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत तापमान उतरायला लागतं. पाणी अजिबात येत नसेल तर इंजिन बंद, दुसरा विचार नाही. खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर (पात्यांचं चाक) कोरडा फिरला की मिनिटाभरात फाटतो आणि एक्झॉस्टचा रबरी होस जळतो. कूलंटचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. बंदरात इंजिनावर चालतानाही शिडाचं कव्हर काढलेलं आणि नांगर सोडायला तयार ठेवलेला असावा. हे मी आता प्रत्येक फेरीला करतो.

पाण्याची वाट आधी डोळ्यांसमोर आणा

समुद्राचं पाणी बोटीच्या तळातल्या जाळीतून आत येतं, सी-कॉकमधून (तळातल्या उघड-बंद करायच्या तोटीतून) स्ट्रेनरला, तिथून पंपाला, पंपातून हीट एक्स्चेंजरला, मग पाण्याच्या रेषेच्या वर उचललेल्या अँटी-सायफन वळणातून (इंजिन बंद असताना पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून असलेल्या) मिक्सिंग एल्बोला. एल्बोत ते इंजिनाच्या धुरात मिसळतं आणि दोन्ही मिळून वॉटरलॉकमधून, म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेतल्या पाणी धरणाऱ्या पेटीतून, मागे बाहेर पडतात. पंपाच्या आधीचा भाग ओढणारा, नंतरचा ढकलणारा. हा फरक मनात पक्का ठेवा. पुढचं सगळं निदान त्यावर उभं आहे.

मुंबईच्या पाण्यात या वाटेवर तीन शत्रू आहेत. पहिला, प्लास्टिकच्या पिशव्या. पिशवी जाळीवर ओढली जाते, अलार्म वाजतो, इंजिन बंद केलं की ओढ संपते आणि पिशवी निघून जाते. म्हणून शोधायला गेलं की काहीच हाती लागत नाही. दुसरा, गाळ. उधाणाला इथलं पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि तितक्याच जोरानं उतरतं. बंदरातलं पाणी वर्षभर गढूळ राहतं ते त्यामुळे. तिसरा आणि सगळ्यात चिवट, बार्नाकल, म्हणजे बुडालेल्या पृष्ठभागाला चिकटून बसणारे कवचवाले जीव. बोटीच्या तळाला आपण अँटीफाऊलिंग रंग लावतो, पण सी-कॉकच्या तोंडात आत ब्रश पोचत नाही. तिथे रंग नाही, अंधार आहे, आणि बोट आठवडाभर जागेवर उभी आहे. थळच्या एका तांडेलानं मला हे एका वाक्यात सांगितलं होतं: "दादा, आमची बोट रोज धावते, तुमची उभी असते. उभ्या बोटीला जास्त चिकटतं."

मी काय काय बदललं

पहिल्या वेळी पिशवी असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वेळी इम्पेलर काढला. एका पात्याच्या मुळाशी चीर होती. नवा बसवला आणि प्रश्न सुटला असं धरून चाललो. पुढच्या दोन फेऱ्या छान झाल्या. नंतर डायरी पाहिली तेव्हा कळलं, दोन्ही फेऱ्या भांगाच्या भरतीच्या दिवसांतल्या होत्या. प्रवाह मंद होता, इंजिन १८००च्या वर न्यावंच लागलं नव्हतं. उधाण आलं आणि अलार्मही आला.

मग भाऊच्या धक्क्याजवळच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्यांनी इंजिन चालू करायला सांगितलं, मागे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी तर येतंय. पंप बरोबर आहे. थर्मोस्टॅट बदला." तेव्हा मला ते पटलं. पाणी येतंय आणि पुरेसं येतंय यांत किती अंतर आहे हे कळायला मला आणखी दोन महिने लागले. अलार्मच्या मागे लागलेल्या प्रत्येकानं आधी हे अंतर मोजावं, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी कूलंटची झडप. बदलण्याआधी तो तपासणं अगदी सोपं असतं. चहाच्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं आत लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर. गॅस मंद. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर तो चांगला आहे. माझा ७१ अंशांचा होता आणि बरोबर तिथेच उघडत होता. तरी मी नवा घातला, कारण हातात आलाच होता. काही फरक पडला नाही.

डिसेंबरमध्ये हीट एक्स्चेंजर काढला. आतल्या जस्ताच्या ॲनोडचे (बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या कांडीचे) तुकडे टोपणात पडलेले, तीन नळ्यांच्या तोंडाशी जुन्या इम्पेलरची रबराची पाती अडकलेली. ही पाती माझ्या इम्पेलरची नव्हती. आधीच्या मालकाच्या काळातली असणार. म्हणून सांगतो: इम्पेलरचं पातं तुटलेलं दिसलं तर ते सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका, ते पुढे जाऊन याच नळ्यांत बसतं. चुनखडीसारखा थर काढायला मी लिंबूफूल वापरलं, ढोकळ्यात घालतो तेच, गरम पाण्यात विरघळवून. ॲनोड आधी काढून ठेवला, एक्स्चेंजर चार तास भिजवला, मग गोड्या पाण्यानं भरपूर धुतला. कुणी हायड्रोक्लोरिक ॲसिड सुचवतात. ते काम झटपट करतं, पण ॲल्युमिनियमचं घर असेल तर तेही खातं. मी त्या वाटेला जाणार नाही.

यानं फरक पडला. अलार्म वाजायला पंचवीसऐवजी चाळीस मिनिटं लागू लागली. म्हणजे मूळ दुखणं अजून आत होतंच.

बादली

शेवटी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. पंधरा लिटरची बादली, फोनवरचं घड्याळ, डिंगी म्हणजे छोटी होडी. बोट मूरिंगवर, गिअर न्यूट्रल, पुतण्या थ्रॉटलवर. मी डिंगीतून एक्झॉस्टखाली बादली धरली. २००० आरपीएमला एका मिनिटात ९ लिटर. इंजिनाच्या पुस्तकात त्या वेगाला मिनिटाला १८ लिटरचा आकडा होता. मागून पाहताना मात्र धार जोरदार दिसत होती. धुराचा दाब पाणी फेकतो, त्यामुळे डोळ्यांना फसायला होतं.

आता अडथळा कुठे आहे ते शोधायचं. एल्बोला जोडणारा पाण्याचा होस काढून बादलीत सोडला आणि तसंच मोजलं. इथे सावध राहा: होस काढला की एक्झॉस्टला पाणीच मिळत नाही, रबर तापायला लागतं. २० सेकंदांच्या वर इंजिन चालवू नका. २० सेकंदांत आलेलं पाणी मोजा आणि तिनानं गुणा. माझं उत्तर आलं १४ लिटर. एल्बो जोडला की ९, सोडला की १४. म्हणजे एल्बो पाच लिटर अडवत होता. रबरी पात्यांचा पंप पुढे दाब वाढला की पाणी रेटत बसत नाही, पाती वाकतात आणि पाणी आतल्या आतच फिरतं.

एल्बो काढायला दोन दिवस गेले. बोल्ट गंजून एकजीव झाले होते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, सकाळी हीट गनची ऊब, पुन्हा तेल, आणि घाई अजिबात नाही, कारण इथे बोल्ट तुटला तर मॅनिफोल्डपर्यंत काम जातं. बाहेर आल्यावर आत पाहिलं. चार सेंटिमीटरच्या वाटेत करंगळी जेमतेम जाईल एवढी फट उरली होती, बाकी सगळी मिठानं दगड झालेली काजळी. पाणी आत येण्याचं तोंड गंजाच्या पापुद्र्यांनी अर्धं बुजलेलं. मूरिंगवर रिकामं चालताना इंजिनाला एवढी फटही पुरत होती, म्हणून तिथे कधी काही झालं नाही.

ओतीव एल्बो खरवडून एक मोसम काढता येतो, पण माझ्याची भिंत एका ठिकाणी कागदासारखी पातळ झाली होती. परदेशातून मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागत होते, म्हणून रे रोडच्या एका वर्कशॉपमध्ये जुना एल्बो नमुना देऊन ३१६ स्टेनलेसमध्ये बनवून घेतला. बनवून घेणाऱ्यांनी एक गोष्ट स्वतः तपासावी: पाणी धुरात मिसळतं ती जागा वळणाच्या माथ्यापलीकडे, उताराच्या बाजूलाच हवी. ती माथ्याच्या अलीकडे आली तर इंजिन थांबल्यावर पाणी उलटं सिलिंडरमध्ये उतरतं. वेल्डर कितीही चांगला असला तरी बोटीचं एक्झॉस्ट त्यानं केलेलं असेलच असं नाही. मी कागदावर चित्र काढून दिलं आणि तो भाग बसवण्याआधी नळाखाली धरून पाणी कुठे जातं ते पाहिलं.

नवा एल्बो लावून पुन्हा बादली धरली: २००० आरपीएमला १४ लिटर. जानेवारीत आम्ही खांदेरी बेटापर्यंत जाऊन आलो, परतताना तासभर इंजिनावर. काटा हललाही नाही.

मे महिन्यात पुन्हा

१४ म्हणजे १८ नव्हे. ही चार लिटरची तूट मी पाहिली होती आणि पंप जुना आहे म्हणून सोडून दिली होती. हिवाळ्यात इथलं समुद्राचं पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, मेमध्ये तिशीला जातं. पाच अंशांची सवलत गेली आणि अलार्म परत आला.

या वेळी एकाच वेगावर मोजून थांबलो नाही. १२०० आरपीएमला १० लिटर. २०००ला १४. २४००ला पुन्हा १४. हा तिसरा आकडा पाहताच मला उत्तर दिसलं. पंप जितका वेगानं फिरेल तितकं पाणी वाढायला हवं. ढकलणाऱ्या बाजूला अडथळा असला तरी थोडं तरी वाढतंच. वेग वाढूनही पाणी जिथल्या तिथे अडत असेल तर पंपाला ओढायलाच मिळत नाहीये.

याची खात्री करायची पद्धत सोपी आहे. सी-कॉक बंद करा, पंपाकडे येणारा होस स्ट्रेनरवरून काढून समुद्राच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा आणि इंजिन चालू करा. बादली मिनिटाच्या आत रिकामी होते, त्यामुळे दुसऱ्या माणसानं सतत ओतत राहायला हवं. आमच्याकडे हे काम पत्नीनं केलं. एक्झॉस्टला २४००ला २० लिटर आले. म्हणजे पंप ठणठणीत होता, दोष त्याच्या आधी.

मग सी-कॉकवरचा होस काढला. हे तरंगत्या बोटीवर करताना लाकडी खुंटी हातात आणि सी-कॉकच्या दांड्यावर दुसऱ्याचा हात हवाच. दांडा उघडला की पाणी उसळून यायला हवं, बादली दहा-पंधरा सेकंदांत भरेल असं. माझ्याकडे बोटाएवढी धार आली. पाणबुड्यानं खाली जाऊन पाहिलं तर जाळीच्या फटी बार्नाकलनं विणल्यासारख्या बंद, आणि आतल्या तोंडात शंखांचं कडं. त्यानं बाहेरून खरवडलं, मी आतून लाकडी काठीनं मोकळं केलं. बार्नाकल मेला तरी त्याचं कवच जागचं हलत नाही, त्यामुळे ते खरवडावंच लागतं.

इतकं करूनही २४००ला १७च. उरलेला दोष होसमध्ये निघाला. बाहेरून होस नवा वाटत होता. उभा कापला तेव्हा आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हळू ओढलं तर ती जीभ भिंतीला टेकून राहते, जोरात ओढलं की वाटेत आडवी येते. ओढणाऱ्या बाजूला नेहमी तारेचा वेटोळा असलेला होसच घाला, साधा बागेचा किंवा गाडीच्या रेडिएटरचा नको, तो आतल्या आत चेपतो. मला हवा तो नागदेवी स्ट्रीटवर मिळाला, क्लिपांसह. क्लिपा पूर्ण स्टेनलेसच्या घ्या. पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असं बऱ्याचदा असतं. चुंबक सोबत न्या.

त्यानंतर २४००ला २० लिटर. मेच्या शेवटच्या रविवारी भर उधाणाच्या ओहोटीवर दीड तास इंजिन चाललं. पाण्यानं थंड झालेल्या एक्झॉस्ट होसवर हात ठेवून बसलो होतो, हात काढावा लागला नाही.

असंच दिसणारं, पण वेगळं

इंजिन गिअरमध्ये पूर्ण वेग घेत नाही, काळा धूर आहे आणि तापतंय, पण बादलीचे आकडे बरोबर आहेत? बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) बार्नाकल असण्याची शक्यता मोठी. न्यूट्रलमध्ये वेग नीट चढत असेल आणि गिअरमध्येच अडत असेल तर आधी पंखा आणि तळ पाहा. एल्बो बुजला की न्यूट्रलमध्येही इंजिन जड वाटतं.

कूलंट कमी होत राहत असेल तर झाकणाचं रबर पाहा. ०.९ बारचं झाकण नीट बसलं असेल तर आतलं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, दाब धरला नाही तर शंभरलाच.

आणि अलार्म खरा आहे का तेही तपासा. जुन्या बोटीत सेन्सरची वायर घासून इंजिनाला टेकली तरी तो वाजतो. स्वस्तातलं इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतं, फक्त चकचकीत धातूवर ते कमी तापमान दाखवतं. मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा. समुद्राचं पाणी एक्स्चेंजरमध्ये शिरताना आणि निघतानाचा फरक साधारण दहा ते वीस अंश असावा. फरक खूप जास्त म्हणजे पाणी कमी. फरक अगदी थोडा आणि तरी इंजिन गरम, म्हणजे एक्स्चेंजरच्या नळ्यांवर थर.

इंजिन सुरूच होत नसेल आणि तुम्ही वारंवार स्टार्टर मारत असाल तर सी-कॉक बंद करा. पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. वॉटरलॉक भरतं आणि पाणी इंजिनात जातं. सुरू होताच सी-कॉक लगेच उघडा.

आता काय बसवलंय

स्ट्रेनर दुप्पट मोठा, पारदर्शक झाकणाचा, हात पोचेल तिथे. एल्बोनंतरच्या होसवर एक्झॉस्ट तापमानाचा वेगळा अलार्म. हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी सुधार, कारण पाणी थांबलं की कूलंट तापायला काही मिनिटं जातात, पण एक्झॉस्ट होस काही सेकंदांतच तापतो. पंपाचं झाकण चरे पडून घासलं होतं, ते पलटून दुसऱ्या बाजूनं बसवलं. बोटीवर दोन इम्पेलर, झाकणाचे कागदी गॅसकेट आणि एक जादा होस असतो. तीन वेगांचे बादलीचे आकडे इंजिनाच्या पेटीच्या दाराला आतून लिहिलेत, तारखेसह. दर दोन महिन्यांनी पुन्हा मोजतो.

जूनमध्ये बोट वर घेताना खाऱ्या पाण्याची सगळी वाट गोड्या पाण्यानं धुतली. एल्बो उघडून टॉर्चनं आत पाहिलं, स्वच्छ होता. इम्पेलर बाहेर काढून ठेवला, नाहीतर चार महिने एकाच जागी दबून पाती वाकडी राहतात. किल्लीला दोऱ्यानं पुठ्ठा बांधलाय, त्यावर लाल अक्षरांत लिहिलंय: इम्पेलर बाहेर आहे, सी-कॉक बंद आहे.